धुलाईघरातला इतिहास

फुटबॉलच्या शंभरीचा ग्रंथ काढायचा
म्हणून विद्यापीठाने माणूस पाठवला.
व्हर्ना टॅकेट म्हणाली, गुण-बिण वरच्या कपाटात असतील,
माझ्याकडे फक्त डाग.

पहिल्या जर्सी लोकरीच्या, तिची आई धुवायची.
पाणी काळं व्हायचं;
पोरं खाणीतून थेट मैदानात,
एक हेल्मेट उतरवून दुसरं चढवायची.
त्रेचाळीस साली पोरं युरोपात,
दोरीवर नुसते चिमटे.

मग चिखलाची वर्षं. सलग एकोणीस पराभव,
पाठीवरचे आकडेसुद्धा दिसेनात.
"बरंच की," ती हसते, "कोण हरलं ते कळायचं नाही."

अडुसष्टला लूथर पेटवे. पहिला काळा खेळाडू.
त्याच्या जर्सीवर वाळलेले थुंकीचे ठिपके,
आणि सामना घरच्याच मैदानावर.
हे घाल ग्रंथात, म्हणाली.
तो लिहायचा थांबला.

आता गवत प्लास्टिकचं.
जर्सी येतात घामट, पण स्वच्छ,
एका धुण्यात निघतात.
व्हर्ना तरी एकेक उलटी करून
गळा, कोपर, काख
खिडकीच्या उजेडाला धरते,
बराच वेळ.