पाचव्या अंकातला शब्द

बार्न्सलीच्या शाळेत, गुरुवारी चारनंतर,
हीटर खोकत असतो आणि आम्ही
चारशे वर्षांपूर्वीचं नाटक धुवायला काढतो.
'हे कृपानिधे, या दासीवरी रोष न धरावा' –
खाली डिलनने पेन्सिलीने लिहिलंय, 'सॉरी ना.'
'हाय! प्राण कंठाशी आले!' – 'मेले मी.'
शिव्या तर पोरांनी एका दुपारी उरकल्या,
दोन मलाच नव्या होत्या.

अडलो ते पाचव्या अंकात.
सरदाराची बायको चार अंक त्याला अरे-तुरे करते,
भांडताना, चिलखताचे पट्टे सोडताना, अंधारात.
मग तो दुसरीकडून परततो
आणि ती दारातच म्हणते, 'आपण बसावं.'
एवढंच.
रडत नाही, भांडं फेकत नाही,
एका सर्वनामात संसार मोडते.

आणि आमच्या आजच्या इंग्रजीत
राणीला, कुत्र्याला, बँकेच्या मॅनेजरला
एकच शब्द.
उंबरठाच काढून टाकलाय आम्ही,
ती बाई आता उभी कुठे राहणार?

'दार आपटू दे तिला,' टॅमसिन म्हणाली.
'मिस्टर म्हणू दे,' कुणीतरी. सगळे हसले.
मी फळ्यावर सहा ओळी लिहिल्या, सहाही पुसल्या.

रीस सहसा बोलत नाही.
पार्किंगकडे बघत म्हणाला,
'तिने थँक्स म्हणावं.
बसमधून उतरताना ड्रायव्हरला म्हणतात ना, तसं.
बाबा राहिलेला कोट न्यायला आले होते,
त्यांनी किल्ली परत दिली,
तेव्हा आई तसंच म्हणाली.'

हीटर खोकला.
मी लिहून घेतलं. अक्षर जरा तिरकं आलं.

साडेपाचला केअरटेकर ऑकरॉइड दिवे मालवायला आला.
त्याचा बाप खाणीत होता,
खाण बंद पडेपर्यंत तोही.
रीसची टोपी कानांपर्यंत ओढून म्हणाला,
'काय रे, घर नाही का तुला?'

तोच शब्द.
पानापानावर आम्ही खोडलेला,
कोळशाने खरवडलेल्या घशातून
जसाच्या तसा, अगदी घरातला.
कुणालाच तो जुना वाटला नाही.

'आहे ना, क्लिफ,' रीस म्हणाला
आणि त्याने दप्तर उचललं.
मी टेबलावरचा खोडरबराचा चुरा
तळहातावर गोळा केला,
कुठे टाकावा कळेना, खिशात ठेवला.