राणीछाप

धनत्रयोदशीच्या आधी वीस दिवस
लष्करच्या सराफ्यात, जिन्याखालच्या खोलीत
मी राणीचं नाक कोरत बसतो.
ठसा पोलादाचा. भिंग वडिलांचं.

गेल्या वर्षी ती जरा आमच्या सुमंतमावशीसारखी उतरली.
शेठ म्हणाले, दहाळे, चलेगा,
लोक चांदी बघतात, चेहरा कोण बघतो.
पण बघतात.
मुरारहून आलेली एक बाई नाणं उलटंसुलटं करून म्हणाली,
ही रडवेली आहे, दुसरी द्या.

वडिलांना ते अख्खं घराणं पाठ होतं,
पुस्तकातून नाही, बोटांतून.
आधी कोवळी राणी, अंबाडा, मुकुट नाही.
मग मुकुटवाली, गळ्याशी बारीक नक्षी, डोळे फोडणारी.
मग तिचा टकल्या लेक,
साठीला टेकल्यावर गादी मिळाली
आणि नाण्यावर बोडकाच राहिला.
मग दाढीवाला नातू. त्याच्या झग्यावर हत्ती होता,
सोंड आखूड पडली, लोक म्हणाले डुक्कर,
सरकारला नाणी मागे घ्यावी लागली.
इथे वडील दरवेळी हात थांबवायचे.
“एवढ्याशा सोंडेनं, बघ.”
बाकीचा इतिहास त्यांना लागत नसे.

लक्ष्मीपूजनाला ती ताटात असते,
दुधानं धुतलेली, विड्याच्या पानावर,
आणि घरातली सवाशीण तिच्या कपाळी कुंकू लावते.
चाळीस वर्षं काळ्या कपड्यात काढलेली बाई.
आमच्याकडे तेव्हा तिला
कुणी हळदीकुंकवाला उंबऱ्यात घेतलं नसतं.

शाळेची सहल फुलबागेत जाऊन आली
तेव्हा रेवती विचारत होती,
बाबा, तुमची राणी घोड्यावर का नाही?
मी म्हटलं, ती वेगळी.
मग हिच्या शिपायांनी तिला मारलं ना?
हो.
मग तिचं नाणं?
मी भिंग पुसलं. ते स्वच्छच होतं.

काल एक पोरगा मोबाइल दाखवत आला,
तिकडे नवा राजा बसलाय, त्याचा शिक्का आहे का.
शेठ हसले. उसे कौन पूजेगा भाई.
मलाही हसू आलं,
आणि हात हलला.

आता नाकावर एक ओरखडा आहे,
बारीक, आडवा.
यंदाच्या अकराशे राण्या
त्याच ओरखड्यानिशी घरोघर जातील.
मुरारच्या बाईला काय सांगायचं
ते अजून ठरवलेलं नाही.