षष्ठी

नॉक्सव्हिलच्या संग्रहालयात तळघरातला दिवा
चाहूल लागली की लागतो,
आपण स्थिर बसलो की विझतो.
म्हणून नाव शोधताना मी मधूनमधून हात हलवते,
कुणाला तरी निरोप दिल्यासारखा.

बशीत दोन मिलिमीटरचा जीव.
कोळी नव्हे, कोळ्याचा लांबचा चुलत.
आठ पाय. डोळे नाहीत,
डोळ्यांच्या जागी नुसती गुळगुळीत पाठ.
मिल्सॅप्सच्या तंबाखूच्या शेताखाली एकशेदहा फूट
ओल्या दगडाच्या पोटाला चिकटून होता.

वेंडेल म्हणाला, उल्वेना.
नववीत त्यानं रचलेल्या खेळातली देवी.
वीस बाजूंचा फासा, चौघे मित्र,
दर शुक्रवारी चर्चच्या मागची खोली.
युद्धाचा देव कुणी घेतला, वादळाचा कुणी,
उल्वेनाला कुणीच घेतलं नाही.
बळ: दोन. वरदान: रकाना कोरा.
नवसाला न पावणारी.
"जमिनीखाली कुणीतरी असायला हवं होतं," तो म्हणाला,
"म्हणून ठेवली."

मी मनात आधी सटवाई म्हटलं होतं.
मग म्हटलं, नको.
अल्कोहोलमध्ये सटवाई बुडवली
तर कुणाच्या तरी भावना दुखावणार.
उल्वेनाचं त्या बाबतीत बरं आहे,
भक्तच नाहीत.

नावाला लॅटिन षष्ठी लावली, उल्वेनाची,
आणि एकटीच हसले.
षष्ठी म्हणजे सटवाईच की!
आली मागच्या दारानं,
प्रत्ययात बसून.

बारशाला नाव कानात सांगतात.
याला कान नाहीत.
घुगऱ्यांच्या जागी वेंडेलचे डोनट,
आत्या मीच, पाळणा म्हणजे काचेची कुपी,
आत लाल चिठ्ठी: पहिला नमुना.
अक्षांश, रेखांश, खोली, तारीख.
कपाळावर एवढंच लिहिता आलं.

उल्वेना. किती सहज म्हणतो तो,
जणू पणजीचं नाव.
मला मात्र अकरा वर्षं नाडा म्हणतो.
ज्ञानदा सबनीसचा ज्ञ
त्याच्या तोंडात मावत नाही.
नाडा म्हणजे काय ते मी सांगितलेलं नाही.
मरेपर्यंत सांगणार नाही.
निबंधात तिच्या नावामागे
आमची दोघांची आडनावं लागतील, मग साल.
तिथे तरी सबनीस नीट छापतील, असं धरून चालते.

सहाव्या रात्री निघताना
कुपीशेजारी एक कोरी चिठ्ठी ठेवली
आणि टोक काढलेली पेन्सिल.
वेंडेलनं काही विचारलं नाही.
खिशातून फासा काढून शेजारी ठेवला,
कोपरे झिजलेला,
कुठला आकडा वर आला ते न बघता.

मग दाराशी आम्ही दोघं उभे राहिलो,
हात न हलवता,
दिवा विझेपर्यंत.