माप

केळीच्या रोकडीचे दिवस होते.
लीलाचंद फिरके दुकानात आला,
शटर स्वतःच अर्धं ओढून घेतलं
आणि म्हणाला, डाव्या कुशीत खिसा पाहिजे,
बाहेरून दिसायला नको.

लायसन आलेलं. बोर ठरायचा होता.
नऊ एमएम सरकारची, ती आपल्याला नाही.
उरले बावीस नि बत्तीस.
"बावीस हलकी. पण तिनं माणूस थांबतो का, मले सांग."
मी शिंपी. मला बत्तीस म्हणजे
त्याच्या लग्नातली कंबर,
वहीत अजून आहे, निळ्या शाईत.
आता बेचाळीस,
तीही श्वास आत धरून.

म्हटलं, अंगालाच विचारू.
शेजारच्या झिपरू वाण्याकडून मापं आणली,
बावीसच्या जागी पाव किलो,
बत्तीसच्या जागी अर्धा.
मांजरपाटाचा खिसा कच्चा टाचला.
मे महिना, सावदा, डोक्यावर तापलेला पत्रा.

पाव किलो घालून तो बसस्टँडपर्यंत जाऊन आला.
विसरूनच गेलो, म्हणाला,
आणि तेच त्याला आवडलं नाही.

अर्धा किलो घातला तर
डावा खांदा उतरला, बटणपट्टी तिरकी,
सदऱ्याची कड बोटभर खाली.
मी उजवीकडे अस्तर दुहेरी केलं,
खांद्यात कॅनव्हास भरलं.
पाठीला घाम सुटला की मात्र
कापड खरं बोलतं,
त्याला माझ्याकडे इलाज नाही.

राहू दे आठ दिवस, म्हटलं. सवय होते का बघ.

आठाचा महिना झाला.
वजनकाट्यावरचे हमाल त्याच्याशी हळू बोलायला लागले.
घड उचलायला तो वाकेना.
आखाजीला लेक माहेरी आली,
नात डावीकडून धावत येऊन बिलगली,
कपाळ टणकन आपटलं.
"आबा, तुमच्या पोटात लोखंड हाये?"
तो हसला नाही.
संध्याकाळपर्यंत तिच्या टेंगळावर
हळद लावत बसला होता म्हणे.

याला दोन वर्षं झाली.
खरेदीची मुदत त्यानं वाढवून घेतली, पुन्हा वाढवून घेतली.
झिपरूचा काटा आता लाइटवर चालतो,
माप मागायला तो काही आला नाही.
फिरके चौकातून निघाला की लोक वाट देतात.
त्यांना वाटतं, बत्तीस.

उसवलेला टाका घालताना
मी ते एकदा उलटं करून पाहिलं.
तळाच्या भोकात शिसं ओतलेलं,
शिशावर तपासणीचा शिक्का,
साल पुसट.

काल आला, नवं कापड घेऊन.
विचारलं, मग? बावीस का बत्तीस?
"ठरून नाही राह्यलं अजून,"
म्हणाला, आणि कुशीवरून हात फिरवला,
झोपलेल्या जनावरावरून फिरवतात तसा.
जाता जाता दारात थांबला.
या खेपेला खिशाला आतून रेक्झिन लाव.
घामानं गंजतं ते,
डाग पडतो बनियनले.