स्टँडच्या पलीकडं

एकतीस वर्षं ओरडलो मी,
चला मिरज, मिरजवाले उतरून घ्या.
आणि स्वतः उतरलो
तो कंट्रोलरच्या खिडकीपर्यंत.
फार तर समोरचा चहा.
गाडी वळून लागेपर्यंतची वीस मिनिटं.

आज सकाळी दवाखान्यात
शालनच्या गळ्यातल्या गाठीत सुई घातली
आणि काचेआडची पोरगी म्हणाली, रिपोर्ट पाचला.
तेव्हा वाजले होते सव्वादहा.

बाकड्यावर बसलो. पंखा बघितला.
शालन म्हणाली
(आवाज हल्ली तिचा
ओल्या लाकडात करवत अडकल्यागत येतो)
"हितं बसून काय गाठ इरघळतीया?
चला, तुमची मिरज दावा मला."

माझी मिरज!
कुठल्या तोंडानं सांगू हिला
की मला फलाट नंबर चारच तेवढा ठाऊक.

तरी निघालो. मी पुढं, माहितगारासारखा.
कोपरा आला की वहाण बांधायला वाकायचो
आणि पानवाल्याला हळूच विचारायचो, दर्गा कुठं?
माझ्या पायात चपला होत्या.
बिनबंदाच्या.
तिनं ते पहिल्याच कोपऱ्यावर बघितलं होतं,
बोलली मात्र तिसऱ्यावर.

किल्ल्याची भिंत लागली. उरलेली तेवढी.
शालननं दगडावर हात ठेवला,
म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा,
आणि म्हणाली, तापलाय.
दर्ग्यात पदर डोक्यावर घेऊन बराच वेळ उभी होती.
बाहेर आल्यावर विचारलं, काय मागितलंस?
"काय न्हाई. फरशी गार हुती."

मार्केटच्या टॉवरखाली
तिनं एक पेरू घेतला, दोन परत ठेवले,
भाव तिथंच राहिला.
मीठ लावून अर्धा मला दिला.
लग्नाला छत्तीस वर्षं झाली,
रस्त्यात उभं राहून आम्ही काही खाल्लेलं
मला आठवत नाही.

मग ती गल्ली.
दारादारांत भोपळे वाळत घातलेले,
हंड्याएवढे, उलटे, उन्हाला बसलेल्या म्हाताऱ्यांगत.
आत एक माणूस तंबोऱ्याच्या तारेखाली
सुताचा दोरा सरकवत होता.
इतकुसा दोरा. कानाजवळ आणून परत सरकवायचा.
तार आधी नुसती वाजत होती,
मग एका जागी आली आणि
उमलली. दुसरा शब्द मला येत नाही.

"दोऱ्यानं काय हुतं?" शालननं विचारलं.
तो मान वर न करता म्हणाला,
"ह्याला आम्ही जीव म्हणतो, मावशी.
जीव जाग्यावर बसला की आवाज मोकळा होतो."
ती गळ्याशी हात नेता नेता थांबली.
मी भोपळ्यांकडं बघत राहिलो.

आणि मला ओळख पटली.
मंगळवेढ्याकडनं यायचे हे, पोत्यांत बांधून,
माझ्याच गाडीच्या टपावर.
दरवेळी मी लगेज फाडायचो, वर कुरकुरायचो,
ही काय भाजी हाय का एवढी जागा खायला?
सांगितलं त्याला. तो हसला, म्हणाला,
"म्हणजे अर्धं वाद्य तुम्हीच आणलंय की."
त्यानं तंबोरा शालनपुढं धरला.
तिनं एकच तार छेडली, आणि ती थांबेपर्यंत
आम्ही तिघंही
कुठं बघावं ते न कळून जमिनीकडं बघत होतो.

दवाखान्यात पोचलो तर पाच वाजून चाळीस.
जाळी ओढलेली. शिपाई म्हणाला,
आता उद्या दहाला या.

मी चिडणार होतो. एकतीस वर्षांची सवय,
वेळ म्हणजे वेळ.
शालननं पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.
"बरं झालं," म्हणाली.
"नदीवरचा घाट ऱ्हायलाय अजून.
आनि आता कोपऱ्यावर वाकू नगा.
मी इचारते."