निदान वार्ता

गट क्रमांक चार. एकूण गुण वीस.
भाषा पाच, मांडणी पाच, कल्पकता पाच,
गटकार्य पाच, म्हणजे नक्की काय
ते मलाही वरून कुणी सांगितलेलं नाही.

रात्रीचे पावणेअकरा. आज पाण्याचा वार,
पाचव्या दिवसाचं पाणी.
मोटार लावून जिन्यात बसलेय
मांडीवर एक अख्खं राज्य उघडून:
पुठ्ठ्याची चार पानं, खळीनं फुगलेली,
कोपऱ्यावर शेंगाचटणीचं बोट.

नाटक जुनं. माझ्या आजोबांनाही नेमलेलं असावं.
पाच अंक, दोन राण्या, दुधाचा एक पेला.
मी एवढंच म्हणाले होते वर्गात,
त्या राजधानीत पेपर निघत असता
तर दुसऱ्या दिवशी काय छापून आलं असतं?

आलंय ते असं:
‘महाराज सुखरूप. दरबार नेहमीप्रमाणे.’
शिवलिंग हत्तुरेचं अक्षर, खिळे ठोकल्यासारखं.
खाली हवामान. कमाल चव्वेचाळीस.
नाटकात कुठेच ऊन नाही,
पण राजधानी आमच्याच गावात वसलेली दिसते,
कारण पान दोनवर जाहीर सूचना:
राजवाड्याला रोज, पेठांना पाचव्या दिवशी.
मी एकटीच हसले. कल्पकतेत अर्धा वाढवला.

शब्दकोडं आफरीन नदाफचं.
आडवे सात: सगळं पाहतो, शेवटी पडतो. तीन अक्षरं.
मला पाच मिनिटं लागली. पडदा.

छोट्या जाहिराती. पाहिजे: दासी.
दूध चाखता आलं पाहिजे. मजुरी हजारी.
हजारी कशाची? लाल पेन टेकवलं,
मग उचललं.
लावण्या बोद्दुल, राहणार विडी घरकुल.
तिच्या घरी सगळं हजारावरच मोजतात.

पान चार. काळी चौकट. मथळा:
निदान वार्ता.
निधन गं, निधन! पोटातून ध, किती वेळा सांगितलं.
घरी तेलुगू, शाळेत मराठी,
मधल्या रस्त्यात कुठेतरी ह सांडतो यांचा.
मी गोल केला. अर्धा गुण कापला.
मग वाचलं.

‘अंकम्मा, वय सतरा. काल रात्री राणीसाहेबांच्या
दुधाची चव बघताना.
मागे आई, दोन बहिणी
आणि मागावर अर्धं राहिलेलं लुगडं.
फोटो मिळाला नाही.’
फोटोच्या जागी रिकामा चौकोन, पट्टीनं आखलेला.

पुस्तकात ती ओळ अशी आहे:
दासी कोसळते. पडदा.
बावीस वर्षं मी ती एका श्वासात ओलांडलीय,
पुढे महाराजांचं स्वगत असतं,
संदर्भासह स्पष्टीकरणाला येतं ना ते.
नाव विचारायचं मला सुचलं नाही.
कुणी विचारलंही नाही, म्हणजे
या चौघांपर्यंत.

चौघं कुठले, शेवटी यादी आहे,
कुणी काय केलं त्याची.
व्यंकटेश येमूल: कागद आणला.
बस्स. एवढंच.
दोन आठवडे बापाच्या जागी
रात्रपाळीला असतो म्हणे, वर्गात डोळे उघडे ठेवून झोपतो.
पान उलटं केलं. मागे छापलंय:
टॉवेल, एक डझन, निर्यातीसाठी.
म्हणजे सगळं राज्य, राजा, ऊन, मेलेली पोर
त्याच्या पुठ्ठ्यावर उभं आहे.
याला पाचापैकी किती?
दोन लिहिले. चार केले. आकडा बरबटला.

वर टाकी भरून वाहायला लागली,
शेजारच्या काकू ओरडल्या, पळत गेले,
मोटार बंद केली, परत आले तेव्हा
ती लाल वर्तुळातली ओळ तशीच होती.
निदान वार्ता.
निदान तेवढी तरी.

लाल शाई खोडता येत नाही.
वर्तुळाला चिकटून बारीक लिहिलं, असू दे.
अर्धा गुण परत दिला.
आता हेडसर विचारतील, शुद्धलेखनाचं काय?
बघू.
बेरीज सकाळी.