साखर पेठ

रात्री पावणेतीनला नाळेतलं रक्त आलं.
नळीवर पट्टी, पट्टीवर निळी शाई:
अनसूया मेरगूचं बाळ, साखर पेठ.
पांढऱ्या टाइलवर थेंब मांडला,
त्यात अँटी-ए. काडीनं ढवळलं,
टाइल हातावर झुलवत बसले.
दाणे धरू की नको, अशा विचारात रक्त.
नासू की नको म्हणणाऱ्या दुधासारखं.
तीनदा पाहिलं. मग रजिस्टरात लिहिलं:
ए, क्षीण. दोन वर्षांनी पुन्हा तपासावे.

खिडकीशी बाप उभा. नरसय्या.
रात्रपाळीवरून तसाच आलेला,
भुवयांवर सुताचा भुसा.
"काय ओ मॅडम, लेकराला गटच न्हाई म्हणे?"

आहे, म्हटलं. विणून व्हायचाय अजून.
गट म्हणजे तरी काय, पेशीवरची साखर...

तो मटकन बाकावर बसला.
"शुगर? एका दिवसाच्या पोराला?"

ती नव्हे हो, ती नव्हे.
आमच्याकडे साखर म्हटली की पेठ आठवते,
कारखाना आठवतो, नाहीतर गोळ्या.
ही चवीची नाही. ही टोकाची.
पेशीच्या अंगावर लव असते, बारीक साखळ्यांची;
प्रत्येक साखळीच्या शेंड्यावर
शेवटचा मणी कुठला चढला,
एवढ्यावरून मी ए, तुम्ही बी म्हणते.
तुमच्या पोराच्या साखळ्या अजून सरळ आहेत,
ताण्यासारख्या, फाटा न फुटलेल्या.
फाटे फुटतील, शेंडे वाढतील,
तेवढे मणी जास्त बसतील.
तोवर माझी टाइल अशीच चाचरणार.

"आन् हे चढवतं कोण?"

हाडांच्या आत कारखाना आहे.
तिथं पेशी कच्ची असते, तिच्या पोटात नक्षीचं कार्ड असतं.
कार्ड सांगेल तसे हात घडतात, हात मणी लावतात.
मग एक दिवस ती कार्डच बाहेर टाकून देते
आणि निघते चार महिन्यांच्या फेरीला,
अंगावर नक्षी, आत काही नाही.

माझं बोलणं संपायच्या आत तो म्हणाला,
"मग? चादर काय कार्ड घिऊन जाती का गिऱ्हाइकाकडं?"

हे मला कॉलेजात कुणी असं सांगितलं नव्हतं.

माझे वडील दाजी पेठेत जकार्डवर होते.
एकदा कार्डात एक छिद्र पडायचं राहिलं,
बेचाळीस चादरींच्या कोपऱ्यातलं फूल उठलंच नाही.
शेठनं पगार कापला.
त्यातली एक चादर आमच्याकडं आली,
तिच्यावर आम्ही तिघी बहिणी झोपलो,
कोरा कोपरा माझ्या वाट्याला.

माझा गट ओ.
कधीकाळी कुणा पूर्वजाच्या मजकुरातलं एकच अक्षर गळालं,
पुढची सगळी ओळ सरकली,
आणि शेवटचा मणी लावणारा हात
घडलाच नाही धडपणी.
म्हणून तर बाटली निघाली की
ए विचारत नाही, बी विचारत नाही.
एकतीस वेळा दिलंय मी.
वडिलांना हे सांगायचं राहिलं.
ते गेले तेव्हा मी पहिल्या वर्षाला होते,
साखळ्या पाठ करत होते, कळत नव्हत्या.

नरसय्यानं बोटं मोजली.
"दोन वर्सं म्हंजी दोन गड्डे."
हो, म्हटलं, दुसरा गड्डा झाला की आणा त्याला.
"रंग पक्का हुईल न्हवं तवर?"
होईल.
"आन् नाहीच झाला तर?"

वॉर्डातून अनसूयेनं हाक मारली, तेलुगूत,
तो चपला हातात घेऊन पळाला.

मी टाइल धुवायला घेतली.
नळ चार दिवसांआड, आज कोरडाच.
ड्रममधून अर्धा मग घेतला,
आणि त्या पुसट, अडखळत्या लाल ठिपक्यावर
जरा सावकाशच ओतला.